सागाला पाने येण्याआधी आणि नंतर : मेळघाटातल्या एका संगणक खोलीच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२४

जागेची पाहणी. धारणी तालुक्यातला (जिल्हा अमरावती) कोरकू ढाणा, म्हणजे छोटी वस्ती, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. मिळालेली खोली १८ बाय २० फूट, वर पत्रा, पत्र्याखाली काही नाही. जोते ४५ सेंमी, पायऱ्या तीन.

वीज सिंगल फेज. सकाळी ११ ला २१४ व्होल्ट, संध्याकाळी ७ ला १६२. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३१ व्होल्ट. हा आकडा दोन-तीनच्या वर जाऊ नये. बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकामागे वायरच नाही, भोक नुसते शोभेला. अशा बोर्डावर जुना लॅपटॉप लावला की धातूच्या भागाला हात लागताच मुंग्या येतात. पोराला एकदा मुंग्या आल्या की ते पुन्हा यंत्राजवळ येत नाही, म्हणून अर्थिंग हे पहिले काम.

मोबाइलची रेंज खोलीत शून्य. पटांगणाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात −११८ डीबीएम (रेंजचे माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली), तीही येते-जाते. मागच्या टेकडीवर −९७.

फायबर ग्रामपंचायतीत पोचलेले आहे. ढाणा तिथून सरळ रेषेत १.८ किमी. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना मुळात ग्रामपंचायतीपर्यंतचीच होती. त्यामुळे कागदावर गाव जोडलेले आहे आणि ढाणा नाही. एका ग्रामपंचायतीखाली तीन-चार ढाणे असतात. डिजिटल दरी असते ती या शेवटच्या तुकड्यात.

ठरवले ते असे : खोली इंटरनेटशिवाय पूर्ण चालली पाहिजे. इंटरनेट आले तर त्याचा उपयोग फक्त अर्ज, निकाल आणि महिन्यातून एकदा सामग्री ताजी करण्यापुरता.

१७ जानेवारी

कार्यालयांतून निघालेले १४ लॅपटॉप आले. १४ इंची, चौथ्या पिढीचे आय-३ आणि आय-५. निवडीचा क्रम :

आधी बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवायची. डुगडुगली म्हणजे फुगली. तीन फुगलेल्या निघाल्या. त्या वाळूच्या बादलीत, खोलीबाहेर. पुढे अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे. भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत, तो त्या फोडतो. मग बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरायचे. दोन यंत्रांना बायोसचा पासवर्ड होता आणि तो देणाऱ्यालाही आठवत नव्हता, दोन्ही बाद. त्यानंतर रात्रभर मेमरी चाचणी, त्यात एक बाद. एकाचे बिजागर तुटलेले, ते सुट्या भागांसाठी ठेवले. दहा उरले.

जुन्या हार्ड डिस्क सगळ्या काढल्या. त्यावर कार्यालयाची माहिती होती, ती पुसूनच परत केल्या. जागी १२० जीबीच्या एसएसडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क). मेमरी प्रत्येकी ४ जीबी ठेवली. ८ केली तर बरेच, पण पैसे आधी एसएसडीत घालावेत, फरक तिथे दिसतो.

दहापैकी सहा यंत्रांची तारीख २०१५ च्या आसपास अडकलेली. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की असे होते. वरवर किरकोळ वाटते, पण घड्याळ चुकीचे असले की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे यंत्राला खोटी वाटतात आणि कुठलेच सरकारी पान उघडत नाही. लोक म्हणतात, नेट नाही. नेट असते, तारीख नसते. सेल २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदलायचा. दहाही बदलले, सेल स्वस्त असतो.

विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीच्या सुधारणा मिळणार नाहीत आणि ११ या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. म्हणून डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, वर हलका एक्सएफसीई डेस्कटॉप. एक यंत्र नीट तयार करून त्याची प्रत बाकी नऊवर क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने, प्रत्येकी सुमारे १२ मिनिटे. प्रत काढल्यावर प्रत्येक यंत्राचे नाव बदलायचे, नाहीतर जोडणीतला दोष शोधताना दहाही यंत्रे एकाच नावाने ओ देतात.

२९ जानेवारी

अर्थिंग. भिंतीपासून दीड मीटरवर अडीच मीटर खोल खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ आलटून पालटून, वर पाणी घालायला पाइप. न्यूट्रल-अर्थ आता १.४ व्होल्ट. उन्हाळ्यात दर आठवड्याला एक बादली पाणी, ही नोंद दाराच्या मागे लावली.

वीजखर्चाचा हिशेब वॅटमीटरवर मोजून, लेबलवरून नाही. लेबल ६५ वॅट म्हणते, लॅपटॉप बॅटरी काढून प्रत्यक्षात २० खातो.

लॅपटॉप १० × २० वॅट × ४ तास = ८०० वॅट-तास
पंखे (बीएलडीसी, कमी वीज खाणारे) २ × २८ × ५ = २८०
एलईडी नळ्या २ × २० × ३ = १२०
सर्व्हर (सामग्री साठवणारा संगणक), राउटर, रेडिओ (ग्रामपंचायतीशी बिनतारी जोडणारा) मिळून २१ वॅट × २४ = ५०४
इन्व्हर्टरची स्वतःची भूक १८ वॅट × २४ = ४३२

शेवटच्या दोन ओळी पाहाव्यात. कोणी वापरत नसताना जाणारी वीज दहा लॅपटॉपांपेक्षा जास्त. म्हणून सर्व्हर, राउटर, रेडिओ इन्व्हर्टरवरून काढून थेट बॅटरीवर, डीसी कन्व्हर्टर लावून, टायमरने सकाळी ६ ते रात्री ८ : २९४ वॅट-तास. इन्व्हर्टर फक्त वर्गाच्या सहा तासांत चालू : १०८. एकूण २१३६ वरून १६०२ वर आले, नवीन काही न घेता.

१५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, २४ व्होल्ट. ३६०० वॅट-तास, निम्म्याच्या खाली न्यायच्या नाहीत, म्हणजे एक दिवस कसाबसा. ३३५ वॅटचे दोन पॅनेल, तोंड दक्षिणेला, उतार २१ अंश. पॅनेलमधून बॅटरी भरणारा कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घेतला. स्वस्तातला पीडब्ल्यूएम ३८ व्होल्टच्या पॅनेलला बॅटरीच्या २७ वर खेचतो आणि जवळजवळ ३० टक्के ऊन वाया घालवतो. उन्हाळ्यात रोजचे उत्पन्न ६७० × ५ तास × ०.७ = २३४५. पुरते. जुलैत उन्हाचे दोनच तास धरले तर ९३८. पुरत नाही, तेव्हा वर्ग दोन तासांवर आणावा लागेल किंवा लाइनवर भरवसा ठेवावा लागेल. हे आताच शिक्षकांना सांगितले.

कन्व्हर्टर लावताना एक खबरदारी : चार्जिंगच्या वेळी २४ व्होल्टची बॅटरी २८.८ पर्यंत चढते. रेडिओ थेट जोडू नये, मध्ये २४ व्होल्टला स्थिर करणारे मॉड्यूल हवे.

८ फेब्रुवारी

सर्व्हर : रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), मेमरी ४ जीबी, सोबत यूएसबीवर ४८० जीबीची एसएसडी. मेमरी कार्डावर चालवायचा नाही. वीज गेली की कार्डावरची फाइल-रचना बिघडते आणि हे इथे दिवसातून चारदा होईल. कन्व्हर्टरचा दाब ५.१ व्होल्टवर बांधला, ४.६३ च्या खाली गेला की पडद्यावर विजेचे पिवळे चिन्ह येते आणि डिस्क मध्येच सुटते. पहिल्या दिवशी नेमके तेच झाले. दोष कन्व्हर्टरचा नव्हता, बारीक यूएसबी वायरचा होता. जाड आणि आखूड वायर लावली, चिन्ह गेले. पायला स्वतःचे घड्याळ नाही, डीएस ३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल बसवले.

वर काय टाकले : कोलिब्री (इंटरनेटशिवाय चालणारी शिक्षणसामग्रीची प्रणाली), त्यात मराठी गणित-विज्ञानाचे व्हिडिओ आणि स्टोरीवीव्हरची मराठी गोष्टींची पुस्तके, किविक्सवर (ऑफलाइन वाचनाचा प्रोग्राम) मराठी विकिपीडिया, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह शंभर जीबीच्या वर जातो, तो सोडला. कोणी मागितलाही नाही.

पायचे अंगचे वायफाय पाच-सहा फोनांनंतर अडखळते. वेगळा राउटर लावला, लॅपटॉप सगळे केबलने, १६ पोर्टच्या नेटवर्क स्विचवर.

फोनचा एक त्रास. इंटरनेट नसलेल्या वायफायला अँड्रॉइड जोडला की तो एक छोटे पान मागून पाहतो, उत्तर आले नाही की 'इंटरनेट नाही' म्हणून जोडणी सोडतो. त्या मागणीचे उत्तर सर्व्हरनेच द्यायची सोय केली. तरी काही फोन विचारतात. तेव्हा 'जोडून राहा' निवडायचे. त्या पडद्याचे चित्र छापून राउटरखाली चिकटवले.

२० फेब्रुवारी

टंकलेखन. मुले घरी कोरकू बोलतात, शाळेत मराठी, आणि यंत्राचे मेनू इंग्रजीत. एका क्लिकसाठी दोन भाषा ओलांडायच्या. डेस्कटॉप मराठीत केला. भाषांतर जागोजागी अर्धवट आहे, पण 'जतन करा' वाचता येते.

फोनेटिक पद्धत मुद्दाम बंद ठेवली. 'घर' लिहायला इंग्रजी जी-एच-ए-आर माहीत असावे लागते, म्हणजे इंग्रजी न येणारा पुन्हा मागेच. इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण कळरचना) ठेवले, कीबोर्डवर स्टिकर लावले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. हे एकदा दाखवले की चौथीतले मूल आठवड्यात सरावते. अडते ते दोनच ठिकाणी.

एक, पहिली वेलांटी. ती दिसते आधी, पण दाबायची नंतर : 'कि' साठी आधी के, मग एफ.

दोन, दऱ्या. भूगोलाच्या धड्यातल्या 'सातपुड्याच्या दऱ्या' सगळ्यांनी 'दर्या' लिहिल्या, म्हणजे सातपुड्यात समुद्र आला. साधा र (जे) घेतला की रफार होतो. इथे शिफ्ट-जे हवा. पूर्ण क्रम : ओ, शिफ्ट-जे, डी, तिरपी रेघ, ई. तऱ्हा, सुऱ्या, पायऱ्या सगळे याच वाटेने. ळ शिफ्ट-एन वर. हा तक्ता फळ्याच्या वर मोठ्या अक्षरात.

कोरकू देवनागरीतच लिहिली जाते, तिच्यासाठी वेगळी सोय लागली नाही. सर्व्हरवर एक रिकामे फोल्डर 'कोरकू' नावाचे ठेवले आहे, ध्वनिमुद्रणासाठी. हेडफोनचा माइक पुरतो. पंखा मात्र बंद करावा लागतो.

१२ मार्च

ग्रामपंचायत ते शाळा, ५.८ गीगाहर्ट्झचा बिनतारी दुवा. दोन्हीकडे सिग्नल २३ डीबीआयने वाढवणाऱ्या डिश. या पट्ट्यात विनापरवाना वापराला मर्यादा ३६ डीबीएम ईआयआरपीची (रेडिओची ताकद आणि डिशची वाढ मिळून), म्हणून रेडिओची ताकद १३ वर बांधली. जास्त लावता येते म्हणून लावू नये. १.८ किमीला मोकळ्या हवेत घट सुमारे ११३ डीबी. ३६ − ११३ + २३ = −५४ अपेक्षित. मिळाले −५९. वेग फायबर देईल तितका सगळा. उत्तम.

मधल्या भागात सागाचा पट्टा आहे. आता पान नाही एकही, दुर्बिणीतून ग्रामपंचायतीचा झेंड्याचा खांब स्पष्ट दिसतो.

केबलबद्दल. पहिला १०० मीटरचा बंडल परत केला. पातीने तार खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरी ॲल्युमिनियम. असली केबल खोलीत चालून जाते, पण छतावरच्या रेडिओला वीजही याच केबलने जाते. ३५ मीटरवर २४ चे १९ व्होल्ट उरले आणि रेडिओ दर दहा मिनिटांनी नव्याने सुरू होत राहिला. शुद्ध तांब्याच्या केबलवर २२.६. बंडल हातात घेतला तरी कळते, नकली हलका लागतो.

बाहेरची केबल सगळी एचडीपीई पाइपातून. वानरे लोंबते काहीही ओढतात.

२४ मार्च

होळी. कामाला बाहेर गेलेली कुटुंबे ढाण्यात परतली आहेत, म्हणून खोली संध्याकाळी ६ ते ८ सगळ्यांना उघडी ठेवली. आले फक्त पोरगे. पाच जणांनी पाच यंत्रे धरली ती उठलेच नाहीत, लहान मुली दाराशी उभ्या राहून गेल्या. बायांचा हा स्वयंपाकाचा वेळ, त्यातून अंधारात शाळेपर्यंत कोण येणार.

वेळापत्रक बदलले. दुपारी ३ ते ५ बचत गटाच्या बैठकीला जोडून, त्या वेळी पुरुषांना प्रवेश नाही. मुलींसाठी चार यंत्रे राखीव, ती रिकामी असली तरी दुसऱ्याला द्यायची नाहीत. हा शेवटचा नियम सगळ्यांना खटकतो, शिक्षकांनाही. रिकामे यंत्र दिसले की कोणीतरी म्हणतेच, बसू द्या ना सर, तसेही पडूनच आहे. बसू दिले की आठवड्यात राखीव काही उरत नाही.

२२ ते २८ एप्रिल

लोकसभेचे मतदान २६ ला, शाळा मतदान केंद्र, खोली रिकामी करायची. प्रत्येक यंत्र, अडॅप्टर आणि माउसला एकच क्रमांक, केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी. काढायला ५० मिनिटे, परत लावायला दोन तास. स्विच भिंतीवरच राहू दिला होता. परत आल्यावर स्विचला जोडायच्या दोन छोट्या केबल नाहीत. पुढच्या वेळी तोही काढायचा.

मतदानासाठी लाकडी रॅम्प आला होता. उतार फार तीव्र, ढकलणाऱ्यालाही घाम. एकास बाराच्या प्रमाणात ४५ सेंमी जोत्याला ५.४ मीटर लांबी लागते, म्हणजे सरळ काढला तर पटांगणाच्या नळापर्यंत जाईल. मध्ये वळण देऊन भिंतीलगत काढायचे ठरले. मुरूम आणि दगड ढाण्यातले, सिमेंट आठ गोण्या. मे महिन्यात पूर्ण.

६ जून

वळवाचा पहिला पाऊस, वीज जवळच पडली. रेडिओ वाचला, रेडिओला वीज देणारा इंजेक्टर आणि स्विचचा एक पोर्ट गेला. छतावर सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) होता, पण त्याची अर्थ वायर पत्र्याच्या खिळ्याला बांधलेली. म्हणजे नव्हताच. आता ती थेट खड्ड्यातल्या पट्टीला, सहा चौरस मिमी तांबे.

दोन लॅपटॉपांच्या हेडफोनच्या भोकांत आणि एका यूएसबी पोर्टात चिखल कडक झालेला सापडला. कुंभारीण माशीचे काम. सुट्टीत महिनाभर खोली बंद होती, तिला अशी भोके आयतीच. चिखल कोरडाच, लाकडी टूथपिकने, यंत्र बंद ठेवून काढायचा. पाणी लावले की तो आत उतरतो. पुढच्या सुट्टीत सगळ्या पोर्टांवर कागदी टेप.

४ जुलै

विदर्भातल्या शाळा १ जुलैला उघडल्या. दुवा अडखळतो. −७६, कधी −८१. वेग दोन-तीन एमबीपीएस, मध्येच तुटतो. सगळ्यांचे म्हणणे, पावसाने होते. रेडिओ पुन्हा रोखला, तारा तपासल्या, कनेक्टर नवे लावले. फरक नाही.

९ जुलै

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज १ तारखेपासून सुरू. दुपारच्या वेळेला खोली पहिल्यांदाच भरली, पडवीतही बाया बसलेल्या. अर्ज नारीशक्ती दूत ॲपवर. आधार, रेशन कार्ड, पासबुक, हमीपत्र, फोटो. कागद सगळ्यांकडे होते. अडले दुसरीकडेच.

ओटीपी येतो एसएमएसने आणि एसएमएसला सहसा लागते मोबाइलची रेंज, वायफाय नव्हे. खोलीत नेट आहे, रेंज नाही. टेकडीवर रेंज आहे, नेट येत-जात. एक बाई फोन घेऊन टेकडी चढते, आकडे पाठ करून धावत खाली येते, तोवर मुदत संपते. आधारचा ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो. शिवाय घरात फोन एक, त्यातले सिम नवऱ्याचे, आणि नवरा त्या दिवशी परतवाड्याला.

खोलीत रेंज वाढवणारा बूस्टर बसवावा असे दोघांनी सुचवले. बाजारात मिळतो, पण परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे आणि तो टॉवरलाच त्रास देतो. नाही.

खात्याचा दुसरा घोळ : 'आधार जोडले आहे' असे बँकेने सांगणे आणि पैसे आधारवर येण्यासाठी खाते नोंदलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी. बँकेत केवायसीसाठी आधार दिले की पहिले होते, दुसरे होत नाही. त्याला वेगळा संमतीअर्ज लागतो. तपासायला *९९*९९*१# हा नंबर आहे, इंटरनेट लागत नाही, साधा फोनही चालतो. पण रेंज लागतेच. पुन्हा टेकडी.

नियम केला : कागदांचे फोटो अर्ज गेल्यावर त्या बाईसमोर पुसायचे, कचरापेटीतूनही. ओटीपी मोठ्याने वाचायचा नाही. दुसऱ्याच्या फोनवर अर्ज भरला असेल तर त्यातून बाहेर पडल्याची खात्री तिने स्वतः पाहायची.

१९ जुलै

कारण सापडले. १२ मार्चची नोंद आणि आजचे आकडे शेजारी ठेवले. गेले तीन दिवस कोरडे होते तरी −७४. जोरदार पावसातही ५.८ गीगाहर्ट्झला एवढ्या अंतरात एक डीबीही धड जात नाही. दुर्बीण लावली : झेंड्याचा खांब दिसतच नाही, मध्ये हिरवी भिंत. मार्चमध्ये उघडे असलेले सागवान जूनमध्ये पानावर आले. सागाचे पान सुपाएवढे, ओले झाले की पाण्याचा पडदाच. पाऊस थांबल्यावर तासाभराने रेंज थोडी सुधारते ती यामुळे, म्हणून दोष पावसावर गेला.

चूक सर्वेक्षणाची. दोन टोकांमध्ये नुसती नजर पोचणे पुरत नाही, मध्यावर रेषेभोवती फुग्यासारखी जागा मोकळी लागते. १.८ किमीला तिची त्रिज्या ४.८ मीटर, त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे २.९ मीटर. मार्चमध्ये फांद्या या जागेत होत्याच, −५४ ऐवजी −५९ आले ते त्यामुळे. ते पाच डीबी तेव्हाच विचारायला हवे होते.

फांद्या छाटायचा विचार लगेच बाद. साग परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा फुटेलच. शाळेवरचा खांब नऊ मीटरने वाढवणे महाग आणि वाऱ्याला धोक्याचे. टेकडीवरून वळसा घ्यायचा. टेकडीच्या टोकावर एकाचे मालकीचे शेत आहे, त्याची लेखी संमती घेतली. पलीकडची बाजू वनजमीन, तिथे पाऊलही टाकायचे नाही.

५ ते ११ ऑगस्ट

टेकडीवरचा खांब. दोन इंची जीआय पाइप, सहा मीटर, पाया ६० × ६० × ७५ सेंमी, तीन ताण १२० अंशांवर. ग्रामपंचायत ते टेकडी १.३ किमी, टेकडी ते शाळा ०.७. मोकळी जागा अनुक्रमे २.५ आणि १.८ मीटर हवी; दोन्हीकडे चार मीटरच्या वर मिळते, भर पानांत मोजून.

वीज : दोन रेडिओ आणि एक वायफाय मिळून २१ वॅट, १४ तास, २९४ वॅट-तास. १०० वॅटचा एक पॅनेल पुरेल असा पहिला अंदाज होता. जुलैच्या उन्हावर त्यातून १४० निघतात. १६५ चे दोन घेतले, ४६२. बॅटरी १२.८ व्होल्ट ६० एएच लिथियम फॉस्फेट, अडीच दिवस तग. पेटी लोखंडी, पांढरी रंगवलेली, तळाला जाळीचे छिद्र. वरून भोक पाडायचे नाही. पॅनेलचे नट डोके तुटणारे.

पहिल्या रात्रीच पेटीतल्या कन्व्हर्टरवर पाल चढून शॉर्ट झाला. बोर्डावर पारदर्शक लॅकर मारले, छिद्राची जाळी बारीक केली.

मूळ योजनेत नसलेली एक गोष्ट केली. खांबाखाली फरशीचा बाक आणि वर पत्रा, वायफायचा एक छोटा संच तिथेच. टेकडीवर मोबाइलची रेंज आधीपासून होती, आता नेटही आहे. फोन हातात, अर्ज समोर, ओटीपी तिथल्या तिथे. शाळेपासून चढ बारा मिनिटांचा. म्हाताऱ्या बायांना आणि चालता न येणाऱ्यांना हा उपाय नाही, ते खरेच आहे. त्यांच्यासाठी मंगळवारी त्यांचा फोन घरच्याच माणसाने टेकडीवर न्यायचा आणि खोलीतल्या यंत्रावर त्यांनी स्वतः बसायचे. ओटीपी टेकडीवरून शाळेतल्या फोनवर वायफायने बोलून कळवायचा. वेळखाऊ आहे, पण दहा मिनिटांत बसते.

दुवा आता : −५५ आणि −५२.

२१ ऑगस्ट

सहावीतल्या एका मुलाला जवळजवळ दिसत नाही. ऑर्का हा पडदावाचक आणि ईस्पीकचा मराठी आवाज लावला. आवाज यांत्रिक आहे, 'च' आणि 'ज' चे दोन उच्चार त्याला वेगळे करता येत नाहीत, पण गती कमी केली की कळते. कीबोर्डच्या एफ आणि जे वरचे उंचवटे झिजलेले होते, त्यावर फेविक्विकचा एकेक थेंब सुकवून बसवला.

खरा अडथळा पीडीएफचा. सर्व्हरवरच्या बऱ्याच जुन्या फाइली युनिकोडपूर्व फाँटात आहेत. डोळ्यांना मराठी दिसते, आत इंग्रजी चिन्हांचा काला. पडदावाचक तोच वाचतो. तपासणी सोपी : एक ओळ कॉपी करून टेक्स्ट एडिटरमध्ये टाकायची. मराठीच आली तर फाइल चांगली. नसेल तर पाने ३०० डीपीआयच्या चित्रांत काढून टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी ओळखीतून न्यायची. जोडाक्षरे आणि तक्ते हाताने दुरुस्त करावे लागतात, एका धड्याला साधारण तास. सातवीच्या मोठ्या पोरींनी हे काम घेतले आहे, त्यांचे टंकलेखनही होते. विज्ञानाचे चार धडे झाले.

२७ सप्टेंबर

साग अजून भर पानावर. दुवा −५६ आणि −५२, उरलेल्या पावसाळ्यात एकदाही तुटला नाही. एकदा बंद पडला तो फायबर ग्रामपंचायतीच्या अलीकडे रस्त्याच्या खोदकामात तुटला म्हणून. खोली त्या नऊ दिवसांत नेहमीसारखी चालली, फक्त अर्ज थांबले.

बॅटरीत पाणी : दोन्ही मिळून दीड लिटर डिस्टिल्ड. नळाचे नाही. घनता १.२४० आणि १.२२५, दुसरी मागे पडते आहे, महिनाभर लक्ष ठेवायचे. लॅपटॉप क्रमांक ४ आणि ७ ओलीमुळे सुरू होईनात. मेमरीची पट्टी काढून सोनेरी दाते खोडरबराने पुसले, दोन्ही चालू.

कपाटातले सुटे सामान : सीआर २०३२ सेल ६, अडॅप्टर २, माउस ३, एसएसडी १, तयार यंत्राची प्रत असलेला पेनड्राइव्ह २, आरजे-४५ कनेक्टर (नेटवर्क केबलच्या टोकाचे) ३०, क्रिंपर १, इंजेक्टर १, पाय ४ चा जादा बोर्ड १. कनेक्टरचा रंगक्रम कपाटाच्या दारावर : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबल जोडायला आता चौघींना येते.

किल्ली दोन जणांकडे : शाळेत एक, बचत गटाकडे एक. गटाची किल्ली सध्या कोणाकडे आहे ते दाराशी लिहिलेले असते.

राहिलेली कामे : टेकडीच्या बाकाला पश्चिमेकडून आडोसा, रॅम्पला कठडा, दिवाळीच्या सुट्टीआधी पोर्टांना टेप.